एका खेळासाठीं यंत्र बदलावें काय?

ग्रंथपरीक्षण करणाऱ्यास एक मोठी सोय असते. दोन प्रतिस्पर्धी ग्रंथ वाचून पाहण्यासाठीं त्याला आपलें घर किंवा आपले डोळे बदलावे लागत नाहींत. एकाच मेजावर, एकाच दिव्याच्या उजेडांत दोन कादंबऱ्या शेजारीं शेजारीं ठेवून हिच्यांत रस अधिक कीं तिच्यांत, हें त्याला ठरवितां येतें; आणि न आवडलेली बाजूस सारली तरी त्याचें फारसें कांहीं जात नाहीं. परंतु आपल्या काळांत एक कला अशी निर्माण झाली आहे, कीं जिच्या दोन कृतींची तुलना करूं पाहणाऱ्या रसिकास प्रसंगीं घरांतील यंत्रच बदलावें लागतें. ही कला म्हणजे व्हिडिओ गेमची. तिला कला म्हणावें कीं नाहीं हा वाद मी येथें उकरून काढीत नाहीं. जिच्यांत रचना आहे, जिच्या रचनेंत बरेंवाईट ओळखतां येतें, आणि तें ओळखण्यास ज्ञान व सराव लागतो, तिचें परीक्षण करण्यास हरकत नसावी, एवढेंच माझें म्हणणें आहे.

दूरचित्रवाणीच्या पडद्यास जोडावयाच्या खेळाच्या यंत्राला कन्सोल म्हणतात, हें घरोघरच्या मुलांनीं वडीलधाऱ्यांस एव्हांना शिकविलेंच आहे. सोनी कंपनीचें प्लेस्टेशन, मायक्रोसॉफ्टचें एक्सबॉक्स आणि निन्टेन्डोचीं यंत्रें हीं त्यांतलीं प्रमुख. एका यंत्रासाठीं घेतलेला खेळ दुसऱ्यांत चालत नाहीं, आणि कांहीं खेळ तर एकाच यंत्रासाठीं काढले जातात. अमेरिकेंतील बेसबॉलच्या खेळांचा अलीकडचा इतिहास या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. २०१४ ते २०२० या सात हंगामांत तेथें अशी स्थिति होती, कीं ज्याला प्रत्यक्षाशीं इमान राखणारा, खऱ्या संघांचा व खऱ्या खेळाडूंचा बेसबॉल कन्सोलवर खेळावयाचा असेल, त्यानें प्लेस्टेशनच घेतलें पाहिजे. ज्याच्या घरीं एक्सबॉक्स होतें त्याच्यापुढें दोनच मार्ग होते: मन मारावें, किंवा यंत्र बदलावें. कित्येकांनीं यंत्र बदललें.

अशा वेळीं घरांतील वडील माणूस जो प्रश्न विचारतो तो मुळींच हंसण्यासारखा नाहीं. न्यू जर्सींत किंवा कॅलिफोर्नियांत स्थायिक झालेल्या मराठी घरांतील ज्या मुलांनीं शाळेच्या मैदानावर प्रथम बॅट हातांत घेतली ती बेसबॉलची, त्यांच्या आईबापांनाही तो सुचला असेल. खेळ तोच, मैदान तेंच, नियमही तेच. मग एका कंपनीचा बेसबॉल आणि दुसऱ्या कंपनीचा बेसबॉल यांत असें अंतर तें काय, कीं धड चालणारें यंत्र बाजूस सारून दुसरें आणावें? या प्रश्नाचें उत्तर मुलगा सहसा देत नाहीं. तो नुसता हट्ट धरतो. तें उत्तर देण्याचें काम टीकाकाराचें आहे, आणि तें देतां आलें तरच यंत्र बदलण्यांत छंद किती व रसिकता किती याचा निवाडा होईल.

माझ्या मतें हें उत्तर बेसबॉलच्या स्वभावांतच आहे. आपला वाचक क्रिकेटवर वाढलेला असल्यामुळें त्याला प्रथम दोन्ही खेळांतील भेद सांगितला पाहिजे. क्रिकेटचा फलंदाज चेंडू नुसता अडवून तासन् तास उभा राहूं शकतो; बेसबॉलच्या फलंदाजास ही मुभा नाहीं. चेंडू फेकणारा पिचर त्याच्यापासून ६० फूट ६ इंच अंतरावर उभा असतो. ताशीं ९५ मैल वेगानें सोडलेला त्याचा चेंडू सेकंदाच्या सुमारें चार दशांशांत फलंदाजापाशीं पोंचतो, आणि तेवढ्यांत हा मारावा कीं सोडून द्यावा हें फलंदाजानें ठरवावयाचें असतें. मारण्याजोगा चेंडू सोडला किंवा मारतां मारतां हुकला, तर तो त्याच्याविरुद्ध मोजला जातो, आणि असे तीन झाले कीं तो बाद. उलट, न मारण्याजोगे चार चेंडू त्यानें संयमानें सोडले, तर पहिला टप्पा त्याला फुकट मिळतो. दहांपैकीं तीन वेळां ज्याचा फटका सफळ होतो तो तेथें उत्तम फलंदाज गणला जातो. अर्थात् या खेळाचा प्राण फटक्यापूर्वींच्या त्या निमिषार्धांतील निर्णयांत आहे. पिचर फसवूं पाहतो, फलंदाज ओळखूं पाहतो. बाकी सर्व पळापळ या द्वंद्वाचा परिणाम होय.

तेव्हां पडद्यावरील बेसबॉलची खरी कसोटी ही, कीं तें द्वंद्व त्यांत उतरलें आहे काय? गवताचा हिरवा रंग, प्रेक्षकांचा कोलाहल, खेळाडूंच्या चेहऱ्यांचें हुबेहूब साम्य हीं सर्व नेपथ्याचीं अंगें आहेत. नेपथ्य सुंदर असावें. पण संवाद निर्जीव असले तर पडदा कितीही रंगविला तरी नाटक उभें राहत नाहीं.

या कसोटीस लावून पाहतां तीन कृतींचा विचार करण्यासारखा आहे. पहिली इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीची ‘एम. व्ही. पी. बेसबॉल २००५’. तिच्यांत पिचरच्या हातून चेंडू सुटतांच क्षणभर त्याच्यावर एक रंग चमकतो, आणि त्या रंगावरून चेंडू कोणत्या जातीचा आहे याची सूचना सावध फलंदाजास मिळते. खरा फलंदाज चेंडूच्या शिवणीच्या फिरण्यावरून जें वाचतो, तें पडद्यावर दिसणें कठीण. म्हणून रचनाकारानें त्याचें भाषांतर रंगांत केलें. हें भाषांतर शब्दशः नाहीं, पण भावानुवाद म्हणून तें उत्कृष्ट आहे: निर्णयाला लागणारा वेळ तेवढाच राहतो, आणि खेळणाऱ्याच्या मनाला तीच ओढाताण अनुभवास येते. दुसरी कृति ‘टू-के’ या नांवाखालीं दरवर्षीं निघणारी मालिका. तिच्यांत २००८ पासून चेंडू फेकण्यासाठीं कन्ट्रोलरच्या उजव्या दांडीनें विशिष्ट आकृति रेखाटावी लागे. आकृति बिघडली कीं चेंडू भलतीकडे जाई. पिचरच्या हाताचें कौशल्य खेळणाऱ्याच्या अंगठ्यांत आणण्याची ही युक्ति खरोखर कल्पक होती. परंतु तिच्याभोंवतींचा खेळ विस्कळित असे. चेंडू अडविणाऱ्यांच्या हालचाली अडखळत, आणि एका अंगाची कल्पकता दुसऱ्या अंगाच्या निष्काळजीपणानें वायां जाई.

तिसरी कृति सोनीच्या सॅन डिएगो येथील स्टुडिओची, २००६ सालीं आरंभ झालेली ‘द शो’. बेसबॉलपटूंच्या बोलींत ‘द शो’ म्हणजे सर्वोच्च लीग. लहान गांवांच्या संघांतून घासत घासत जेथें पोंचावयाचें तें मोठें व्यासपीठ. ह्या मालिकेंत फलंदाजी करतांना, पूर्ण कौशल्याची पद्धत निवडली तर, एक लहानसें वर्तुळ दांडीनें हलवून चेंडू जेथें येणार तेथें न्यावें लागतें, आणि कळही नेमक्या क्षणीं दाबावी लागते. रंगाची सूचना नाहीं. डोळ्यानेंच वाचलें पाहिजे. एका खेळाडूचें आयुष्य कनिष्ठ लीगपासून जगून दाखविण्याची तिच्यांत सोय आहे, तसेंच सबंध संघ हातीं घेऊन १६२ सामन्यांचा हंगाम चालविण्याचीही. मला तिचा विशेष गुण वाटतो तो संथपणा. दोन चेंडूंमधील विराम, पिचरचें मानेनें नकार देणें, फलंदाजाचें एक पाऊल मागें सरणें हें ती घाईनें गाळून टाकीत नाहीं. बेसबॉलमध्यें जें घडत नाहीं त्यालाही अर्थ असतो, हें तिच्या कर्त्यांस समजलेलें दिसतें.

येथपर्यंतचें विवेचन मान्य असेल तर वडील माणसाच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर मिळालें. एका बेसबॉलमध्यें आणि दुसऱ्यामध्यें अंतर आहे. तें मूळ ग्रंथाच्या दोन भाषांतरांतील अंतराएवढें मोठें असूं शकतें. उरलेलें अर्धें उत्तर मात्र कलेच्या क्षेत्रांत सांपडत नाहीं. तें करारनाम्यांत सांपडतें.

कादंबरीकारास पुण्याचें नांव घेण्यासाठीं नगरपालिकेची परवानगी काढावी लागत नाहीं. पण पडद्यावरील बेसबॉलमध्यें संघाचें नांव लीगच्या मालकीचें, आणि खेळाडूंचीं नांवें सामान्यतः त्यांच्या संघटनेच्या सामायिक परवान्याखालीं. या व्यवस्थेचे परिणाम मोठे मौजेचे झाले आहेत. १९८८ सालीं टेन्जेन कंपनीनें निन्टेन्डोच्या यंत्रासाठीं काढलेल्या ‘आर. बी. आय. बेसबॉल’मध्यें खेळाडूंचीं नांवें खरीं होतीं, पण संघ केवळ गांवांच्या नांवानें ओळखले जात. कारण संघटनेचा परवाना मिळाला होता, लीगचा नव्हता. १९९४ सालीं निन्टेन्डोनें केन ग्रिफी ज्युनियर याच्या नांवानें जो खेळ काढला त्यांत बरोबर याच्या उलट झालें: संघ सर्व खरे, आणि खेळाडूंत खरा काय तो एकटा ग्रिफी; बाकीचे सर्व कल्पित नांवांचे. त्याच वर्षीं सेगाच्या यंत्रावर ‘वर्ल्ड सीरीज बेसबॉल’ निघाला, त्यांत फलंदाजाच्या पाठीमागून चेंडू येतांना दिसे. म्हणजे बेसबॉलसाठीं यंत्र कोणतें घ्यावें हा प्रश्न त्या वेळच्या मुलांपुढेंही होताच. पुढें २००५ च्या ‘एम. व्ही. पी.’मध्यें बॅरी बॉन्ड्स नाहीं. २००१ सालीं एका हंगामांत ७३ वेळां चेंडू कुंपणापार धाडणारा हा फलंदाज सामायिक परवान्यांतून बाहेर पडला होता. म्हणून त्याच्या जागीं जॉन डाउड या नांवाचा एक कल्पित इसम उभा केलेला आहे. नांव खोटें, पण फटका ओळखीचा!

हा सर्व विनोद २००५ च्या जानेवारींत गंभीर झाला. टेक-टू या कंपनीनें त्या महिन्यांत लीगशीं व खेळाडूंच्या संघटनेशीं असा करार केला, कीं २००६ पासून २०१२ पर्यंत स्वतः कन्सोल न बनविणाऱ्या कंपन्यांपैकीं फक्त तिनेंच खऱ्या नांवांचा बेसबॉल काढावा. कन्सोल बनविणाऱ्या कंपन्यांस आपल्या यंत्रापुरती मोकळीक राहिली, आणि तिचा पुरा उपयोग सोनीनें केला. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या हातून मात्र मोठ्या लीगचा बेसबॉल गेला. अवघ्या महिन्यापूर्वीं, डिसेंबर २००४ मध्यें, त्याच कंपनीनें अमेरिकन फुटबॉलच्या क्षेत्रांत असाच एकट्याचा हक्क मिळविला होता, तेव्हां तिच्याविषयीं फार हळहळण्याचें कारण नाहीं. उपसलेली तलवार तिच्यावरच उलटली. हळहळ वाटावी ती कृतीविषयीं. ‘एम. व्ही. पी.’ ही मालिका कोणा सरस प्रतिस्पर्ध्याकडून हरली नाहीं. ती रंगांत असतांना पडदा पाडण्यांत आला. महाविद्यालयीन संघांचे दोन खेळ काढून ती संपली. तिच्या चाहत्यांनीं संगणकावरील तिची २००५ ची आवृत्ति पुढें वर्षानुवर्षें जिवंत ठेवली. दर हंगामाला नव्या खेळाडूंचीं नांवें स्वतः भरलीं, नव्या संघांचे पोशाख स्वतः रंगविले. जुन्या पोथीच्या समासांत नवें भाष्य लिहीत जावें तसा हा प्रकार होता. यंत्र बदलणाऱ्या रसिकाइतकाच यंत्र न बदलणारा हा रसिकही आदरास पात्र आहे.

पुढील आठ वर्षांत ‘टू-के’ आणि ‘द शो’ समोरासमोर उभे होते. पण येथेंही एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. ‘टू-के’ दोन्ही प्रमुख यंत्रांवर मिळे. ‘द शो’ फक्त प्लेस्टेशनवर. त्यामुळें तुलना करण्याचा अधिकार प्लेस्टेशनवाल्यासच होता. एक्सबॉक्सवाल्यास जें मिळेल तें गोड मानणें भाग होतें, आणि जेथें ग्राहक दुसरीकडे जाऊंच शकत नाहीं तेथें कर्त्यालाही सुधारण्याची निकड राहत नाहीं. २०१० सालीं टेक-टूनें, आपल्या खेळांत एकाही फलंदाजास टप्प्यावर पोंचूं न देतां ओळीनें सत्तावीसही बाद करणाऱ्या पहिल्या माणसास, दहा लक्ष डॉलरचें बक्षीस लाविलें, आणि तें एकानें मिळविलेंही. बक्षिसाची गर्जना झाली. खेळाचे दोष जेथल्या तेथें राहिले. २०१३ चा खेळ ‘टू-के’ मालिकेंतला शेवटचा ठरला, आणि त्यानंतर एक्सबॉक्सच्या घरांत खऱ्या संघांचा म्हणून ‘आर. बी. आय.’चा एक नवा, बेताचा अवतार तेवढा उरला.

यंत्र बदलणें म्हणजे काय, हें आतां नीट पाहिलें पाहिजे. १९१३ सालीं बालगंधर्वांनीं किर्लोस्कर मंडळी सोडून स्वतःची गंधर्व मंडळी काढली, तेव्हां त्यांचा प्रेक्षक त्यांच्या मागोमाग गेला. पण त्यासाठीं त्याला नवें नाटकगृह विकत घ्यावें लागलें नाहीं. येथें तें घ्यावें लागे. २०१३ च्या नोव्हेंबरांत प्लेस्टेशन ४ निघालें तेव्हां त्याची अमेरिकेंतील किंमत ३९९ डॉलर होती. खेळाची किंमत निराळी. शिवाय जुन्या यंत्रासाठीं जमविलेला खेळांचा संग्रह निरुपयोगी होई. ज्या मित्रांशीं रात्रीं सामने रंगत ते जुन्याच यंत्रावर राहत, आणि या यंत्रावरून त्या यंत्रावरील मित्राशीं हा खेळ खेळण्याची सोय त्या काळीं नव्हती. बोटांचा सरावही मोडे. कारण प्लेस्टेशनच्या कन्ट्रोलरवर दोन्ही दांड्या समोरासमोर, तर एक्सबॉक्सच्या कन्ट्रोलरवर एक वर व एक खालीं असते, आणि ज्या खेळांत अर्ध्या निमिषावर यश अवलंबून त्यांत एवढा फरकही जाणवतो. अर्धवट राहिलेले हंगाम, वाढवीत आणलेले तरुण खेळाडू हें सारें मागें राहून जाई.

एवढें सोडून जो मनुष्य केवळ अधिक चांगल्या खेळासाठीं दुसऱ्या यंत्राकडे गेला, त्याला मी उधळ्या म्हणणार नाहीं. यंत्रनिष्ठा ही मोठी विचित्र निष्ठा आहे. आपण ज्या कंपनीला एकदां पैसे दिले तिचें सर्वच चांगलें, आणि शेजाऱ्यानें जिला दिले तिचें सर्वच टाकाऊ, अशा भावनेनें जगभरचीं मुलें हिरीरीनें भांडतात. हें भांडण वस्तुतः खर्चाच्या समर्थनाचें असतें. त्या भांडणांतून बाहेर पडून, माझ्या घरांतील यंत्रावरचा खेळ निकृष्ट आहे असें जो कबूल करतो आणि त्या कबुलीची किंमत मोजतो, त्याच्या अंगीं टीकाकाराचा पहिला गुण आहे. मात्र त्याला ही किंमत मोजावयास लावणाऱ्या व्यवस्थेची स्तुति करतां येणार नाहीं. कृतीचा गुण हा यंत्र खपविण्याचें आमिष झाला, कीं कृति चांगली असेल तोंवर ठीक. ती तशी राहील याची हमी कोण देणार?

हमीचा हा प्रश्न २०२१ सालीं निराळ्या स्वरूपांत पुढें आला. सोनी, लीग व खेळाडूंची संघटना यांनीं डिसेंबर २०१९ मध्यें जाहीर केल्याप्रमाणें २० एप्रिल २०२१ रोजीं ‘द शो’ एक्सबॉक्सवरही अवतरला, आणि पुढच्या वर्षीं निन्टेन्डोच्या स्विचवर. निरनिराळ्या यंत्रांवरील लोक एकमेकांशीं खेळूं लागले. यांत दैवाचा एक विनोदही झाला: मायक्रोसॉफ्टच्या गेम पास योजनेच्या वर्गणीदारांस तो खेळ पहिल्या दिवसापासून वर्गणींतच मिळाला, आणि सोनीच्या स्वतःच्या यंत्रावरील ग्राहकानें मात्र पुरी किंमत मोजली. ज्यानें सात वर्षांपूर्वीं या एका खेळासाठीं यंत्र बदललें होतें, त्याची त्या दिवशीं काय मनःस्थिति झाली असेल, याची कल्पना वाचकानेंच करावी.

भिंत पडली याचा आनंद मलाही आहे. परंतु त्या आनंदांत एक गोष्ट विसरली जाते. “कोणतें यंत्र?” हा प्रश्न सुटला खरा, पण “कोणता खेळ?” हा प्रश्न त्यापूर्वींच नाहींसा झाला होता. सर्व यंत्रांवर एकच प्रत्यक्षनिष्ठ बेसबॉल उरला; आणि एकट्या कृतीचें परीक्षण करणें फार अवघड असतें, कारण ती केवळ आपल्या मागल्या वर्षाशींच ताडून पाहतां येते. त्याचीं चिन्हें दिसतात. खेळाडूंच्या चित्रांचीं पानें जमवून संघ बांधण्याचा जो विभाग त्या खेळांत आहे, त्यांत पानांच्या पुड्या खऱ्या पैशांनींही विकत घेतां येतात. कर्त्यांची बरीचशी कल्पकता तिकडे वळलेली आहे, आणि संघ हातीं घेऊन वर्षानुवर्षें हंगाम चालविण्याचा जुना विभाग, जो मननशील खेळाडूचा खरा विसावा, तो त्या मानानें उपेक्षित वाटतो. दुसरीकडे जाण्याची सोय असती तर कर्त्यांनीं ही उपेक्षा इतकी निर्धास्तपणें केली असती काय? २०२१ सालीं त्यांनीं चेंडू फेकण्याची एक नवी रीत आणली. तीत उजव्या दांडीनें आकृति रेखाटावी लागते. ‘टू-के’ आठवणारास ती पाहून जुना परिचित भेटल्यासारखें होतें. हरलेल्या प्रतिस्पर्ध्यापाशींही शिकण्याजोगें कांहीं असतें. म्हणून तर प्रतिस्पर्धी असावे.

न्यायाच्या दृष्टीनें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या मालिकेचें सर्वांत मोलाचें अंग प्रतिस्पर्धी नाहींसे झाल्यावर, २०२३ सालीं, जन्मास आलें. काळ्या खेळाडूंस मोठ्या लीगचे दरवाजे बंद होते त्या काळांत त्यांनीं आपल्या स्वतंत्र लीग चालविल्या. रूब फॉस्टरनें त्यांतली पहिली टिकाऊ लीग १९२० सालीं कॅन्सस सिटी येथें स्थापिली. जॅकी रॉबिन्सननें १५ एप्रिल १९४७ रोजीं ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळून तो दरवाजा उघडला. सॅचेल पेज हा अद्वितीय पिचर मोठ्या लीगमध्यें पोंचला तेव्हां १९४८ साल उजाडलें होतें, आणि त्याचें वय होतें ४२. या खेळाडूंच्या कथा ‘द शो’नें खेळण्याच्या रूपांत सांगितल्या आहेत. कॅन्सस सिटी येथील निग्रो लीग्स संग्रहालयाचे अध्यक्ष बॉब केन्ड्रिक हे प्रत्येक प्रसंगाची हकीकत सांगतात, आणि मग तो प्रसंग खेळणाऱ्यानें स्वतः पार पाडावयाचा. पेजच्या जागीं उभें राहून चेंडू टाकतांना कळतें, कीं चेंडू फसवा होता म्हणून फलंदाज चुकत असत, आणि फसवा चेंडू टाकण्याची संधि मात्र या मनुष्यास चाळिशीनंतर मिळाली. चरित्रग्रंथ हें सांगूं शकतो. हातांतून समजावून देणें त्याला साधत नाहीं.

मीं वर नांवांच्या मालकीविषयीं लिहिलें आहे. त्या संदर्भांत या विभागाचें महत्त्व दुणावतें. ज्या कलेंत नांव ही विकावयाची वस्तु होऊन बसली होती, तिच्यांत येथें नांव परत देण्याचें काम झालें. २०२० च्या डिसेंबरांत मोठ्या लीगनें त्या जुन्या लीगांना आपल्या बरोबरीचा दर्जा दिला, आणि मे २०२४ मध्यें त्यांचे आंकडे आपल्या नोंदींत मिळविले. तेव्हां फलंदाजीच्या आयुष्यभराच्या सरासरींत जॉश गिब्सन हा पहिला ठरला. मोठ्या लीगमध्यें एकही चेंडू खेळावयास न मिळतां तो १९४७ च्या जानेवारींत वारला होता. अशा माणसाचें नांव आज कोणा दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडीं पडद्यावरील खेळामुळें बसत असेल, तर त्या खेळास क्षुद्र करमणूक म्हणून झटकून टाकणें अन्यायाचें होईल.

मग मक्तेदारींतही चांगलें निपजतें, असा निष्कर्ष काढावा काय? माझ्या मतें एवढाच काढावा, कीं चांगला कर्ता मक्तेदारींतही कधीं कधीं चांगलें करतो. पण त्याच्या चांगुलपणावर विसंबून राहण्याची पाळी रसिकावर येऊं नये. आशेला जागा आहे. २०१४ च्या अखेरीस कॅनडांतील मेटलहेड नांवाच्या एका लहान संस्थेनें ‘सुपर मेगा बेसबॉल’ हा खेळ काढला. त्यांत एकही खरें नांव नव्हतें. खेळाडू व्यंगचित्रांसारखे, संघ सारे मनानें रचलेले. तरीसुद्धां पिचर आणि फलंदाज यांचें द्वंद्व त्यांत इतकें जिवंत उतरलें आहे, कीं थोड्या डावांनंतर नांवांची आठवणही होत नाहीं. पुढें दोन्ही यंत्रांच्या लोकांना तो मिळाला. २०२१ सालीं ती संस्था इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनें विकत घेतली, आणि २०२३ च्या चौथ्या भागांत कांहीं निवृत्त खेळाडूंचीं खरीं नांवें दाखल झालीं. बेसबॉलमधून जिला बाहेर पडावें लागलें होतें ती कंपनी अशा आडवाटेनें मैदानांत परतली. या परतण्यांतून खरी चुरस निर्माण झाली तर ‘द शो’च्या चाहत्यांनीं तिचें सर्वांआधीं स्वागत करावें, त्यांतच त्यांच्या आवडत्या खेळाचें हित आहे.

आतां वडील माणसाच्या प्रश्नाकडे वळूं. एका खेळासाठीं यंत्र बदलावें काय? मुलाला प्रथम विचारावें, कीं या बेसबॉलमध्यें त्या बेसबॉलपेक्षां अधिक काय आहे. चित्रें अधिक सुंदर आहेत, किंवा मित्रांनीं घेतलें आहे, एवढेंच तो सांगेल तर जुनें यंत्र पुष्कळ झालें. पण चेंडू पिचरच्या हातून सुटल्यापासून बॅटीशीं येईपर्यंतच्या त्या एवढ्याशा अवधींत या खेळांत काय घडतें व त्या खेळांत काय घडत नाहीं, हें जर त्याला समजावून सांगतां आलें, तर त्याच्याजवळ मत आहे, आणि तें स्वतः खेळून बनविलेलें आहे. अशा मतासाठीं घरांतील माणसांनीं थोडी पदरमोड केली तर ती वायां जाणार नाहीं. पुढें ग्रंथ, नाटकें, माणसें यांची पारख करतांना तीच दृष्टि त्याच्या उपयोगी पडेल. आणि यंत्र कोणत्या कंपनीचें होतें हें तोंवर घरांतील सर्वजण विसरून गेलेले असतील.